जातो म्हणा

"कुठे येताय? तुम्ही आलेल्याच आहात. आता जाताय. जाते म्हणा."

दारात उभं राहायचं, एक हात चौकटीला लावायचा, बाहेर पडणाऱ्या माणसाची वाट अडवायची आणि हे ऐकवायचं, ही त्यांची सवय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात तिळगुळाचा डबा होता. शारजात, रोल्लातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आले होते. संक्रांत होती. मराठी शेजारी आलाय म्हणून मी मोठ्या हौसेने वर गेले, हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हटलं. त्यांनी तो तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि म्हणाले, "खाल्ला. दुसरं जमणार नाही." मी आपली हसले. म्हटलं, "बरं, येते हं." झालं, तो हात चौकटीला लागला.

आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. निघणारा 'येतो' म्हणतो, घरातला 'या' म्हणतो. चुकून कुणाच्या तोंडून 'जातो' गेलं, तर आई डोळे वटारते. मी 'येते'वर अडून बसले, ते 'जाते म्हणा'वर. शेवटी मी त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर पडले आणि खाली येऊन नवऱ्याला सांगितलं, "वर एक नंबरचा खडूस माणूस आलाय."

त्यांचं नाव सांगत नाही. नाव घेऊन त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवतही नाही. सगळे 'सर' म्हणायचे. जबल अलीला एका कोल्ड स्टोरेजमध्ये ते मॅनेजर होते. दिवसभर उणे तापमानात गोठलेल्या कोंबड्यांच्या राशींमध्ये उभे राहायचे आणि संध्याकाळी आमच्या उकाड्यात परत यायचे. पाठीमागे आम्ही त्यांना 'डीप फ्रीझर' म्हणायचो. ते त्यांना माहीत होतं. लग्न केलेलं नव्हतं. ती मुलगी कोण असती देव जाणे, पण वाचली बिचारी.

हिवाळा आला की दर शनिवारी ते दहा-बारा मराठी माणसांना घेऊन रास अल खैमाच्या डोंगरांत जायचे. मी त्या ग्रुपमध्ये गेले ती नवऱ्याशी भांडण झालं म्हणून. शनिवारी घरात थांबायचं नव्हतं, बस. नंतर भांडण मिटलं, पण डोंगर सुटला नाही.

चढायला सुरुवात करण्यापूर्वी ते सगळ्यांच्या बॅगा तपासायचे. नितीन म्हणून एक जाडजूड बँकवाला होता, स्वभावाने गरीब. त्याच्या बायकोने एकदा थेपले, लोणचं, शिरा असं सगळं भरून दिलं होतं. सरांनी एकेक डबा बाहेर काढून गाडीच्या टपावर मांडला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तू डोंगर चढायला आलायस की केळवणाला?" नितीन कसनुसा हसला. सर म्हणाले, "हसू नकोस. पोट हलतं." त्या दिवशी आम्ही वर खजूर चघळत बसलो आणि शिरा खाली गाडीच्या टपावर वाळला. त्या माणसाला दया अशी नव्हतीच. पण संध्याकाळी परत येताना तोच वाळलेला शिरा त्यांनी बोटाने खरवडून खाल्ला आणि नितीनला म्हणाले, "वेलची जरा जास्त झालीय."

'येतो' आणि 'जातो'चं त्यांचं खूळ मला आधी निव्वळ खवचटपणा वाटायचा. मग एकदा काय झालं, आम्ही एका वळणावर थांबलो होतो आणि मागून नितीनची आरोळी आली, "येतोऽऽ!" आम्ही "याऽऽ" म्हटलं आणि थांबलो. ऊन तापलं, पाणी संपलं, नितीन काही येईना. शेवटी खाली उतरून बघतो तर हा गाडीत एसी लावून झोपलेला. त्याला दम लागला होता म्हणून तो परत फिरला होता आणि आपल्या रीतीप्रमाणे निरोप घेऊन गेला होता! आम्ही हसून हसून वेडे झालो. सर हसले नाहीत. त्यांनी आम्हाला तिथेच उन्हात उभं करून नियम सांगितला. डोंगरात 'येतो' म्हणजे तुमच्याकडे येतोय. लांब जाणाऱ्याने 'जातो' म्हणायचं, मग आईला काय वाटायचं ते वाटू दे. आणि ज्याने 'या' म्हटलं, त्याने जागेवरून हलायचं नाही, समोरचा पोचेपर्यंत.

"तुमचं हे घरचं लाडाचं बोलणं एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल," ते म्हणाले. "खलास. यल्ला, चला."

रास अल खैमाचे डोंगर ही त्यांच्या लेखी नुसती तालीम होती. त्यांना बर्फ हवा होता. वर्षातून एकदा, जानेवारीत, आम्ही जॉर्जियाला जायचो. इथून विमानाने तीन-साडेतीन तास, व्हिसाची कटकट नाही. इथली निम्मी माणसं तिकडे बर्फात फोटो काढायला जातात, आम्ही शिव्या खायला जायचो. तिथे एका गावातून चढून, एक खिंड ओलांडून, पलीकडच्या गावात उतरायचं. गाडी रस्त्याने वळसा घालून पलीकडे येणार. उन्हाळ्यात तिथून गुरं जातात म्हणे. हिवाळ्यात ती सगळी वाट गोठलेली.

आता शारजात बर्फावर चालायचा सराव कुठे करणार? मॉलमध्ये बर्फाची खोटी टेकडी आहे, तिचं नाव काढलं की म्हणायचे, "पेंग्विन बघायचे असतील तर जा." त्यांनी मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या आणि आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर ओळीने मांडल्या. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दात, बांधून आम्ही त्या उतारावर वरखाली करत होतो. बाहेर छत्तीस डिग्री, पायाखाली बर्फ आणि सगळीकडे पापलेटचा वास! वॉचमन धावत आला आणि "साब, ये क्या तमाशा है" म्हणून डोक्याला हात लावून बसला. बिल्डिंगमधल्या मांजरी मात्र खूश होत्या.

त्याच लाद्यांवर मृणाल पहिल्यांदा पडली. मृणाल एका शिपिंग कंपनीत नोकरीला होती. तिशीतली, एकटी राहणारी, अंगाने काडीसारखी आणि लगेच डोळ्यांत पाणी आणणारी. कोपर सोलवटलं, रक्त आलं, ती रडायला लागली. मी पुढे झाले तर सरांनी मला हाताने थांबवलं. तिला म्हणाले, "रडून घे. मिठाने बर्फ लवकर वितळतो." मला इतका संताप आला की मी पायातले ते लोखंडी दात सोडून तिथेच फेकले आणि घरी गेले. मृणाल मात्र उठली आणि पुन्हा चढली. अशी होती ती. रडायची, पण ऐकायची.

त्यांचा दुसरा नियम तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. खऱ्या बर्फावर दोनदा घसरलं की मागे फिरायचं. कारण ऐकून घ्यायचं नाही, वाद नाही. पहिल्या वर्षी नितीन खिंडीच्या खाली दुसऱ्यांदा घसरला. सरांनी नुसतं "मागे फिर" म्हटलं. आम्हाला वाटलं, त्याला एकट्याला पाठवतील. पण ते स्वतः त्याच्याबरोबर खाली उतरले, आम्ही सगळेच उतरलो. दुसऱ्या वर्षी मृणाल. खिंड इतकी जवळ होती की तिथली दगडांची रास दिसत होती. तिने हात जोडले. "सर, प्लीज, अगदी थोडंच राहिलंय." ते म्हणाले, "थोडंच राहिलं की माणसं मरतात. खलास. मागे फिर." आणि तिच्या जॅकेटची कॉलर धरून तिला खाली उतरवलं. उतरताना सगळा वेळ बोलत होते. तुझ्यामुळे माझी खिंड गेली, तुझे पाय म्हणजे बुजगावण्याचे पाय, तू घरी बसून पापड लाटायला हवेत. ती रडत रडत एकेक पाऊल टाकत होती.

आणि संध्याकाळी त्याच माणसाने शेगडीपाशी बसून सगळ्यांचे मोजे काढायला लावले. एकेकाच्या पायाची बोटं हातात घेऊन करकचून चिमटा काढायचे. "दुखतं?" "आई गं, दुखतं!" "मग छान. दुखायचं थांबलं की मला सांगा." मृणालची बोटं पांढरी पडली होती. ती त्यांनी आपल्या काखेत धरली, तासभर, वर तिला टाकून बोलत. तिला शेवटी दुखायला लागलं आणि ती किंचाळली, तेव्हा ते म्हणाले, "आली बाई." त्यांच्या स्वतःच्या बोटांना चिमटा काढायचं मात्र आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांची नोकरी संपत होती. वय झालं होतं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आपण ते विसरून पडदे शिवतो, कुंड्या लावतो. त्यांनी पडदेही लावले नव्हते. मार्चमध्ये त्यांना इचलकरंजीला पुतण्याकडे जायचं होतं. मी विचारलं, तिथे डोंगर आहे का? म्हणाले, "गल्लीला गटाराकडे थोडा उतार आहे."

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले होते आणि एक गोष्ट बोलले, आयुष्यात एकदाच. तरुणपणी त्यांची हिमालयातल्या एका मोहिमेसाठी निवड झाली होती आणि त्याच आठवड्यात दुबईचा व्हिसा आला. "व्हिसा घेतला," ते म्हणाले. "तेव्हापासून बर्फातच उभा आहे, वहिनी. फक्त वर छत आहे." मग कप खाली ठेवून म्हणाले, "यंदा ती खिंड ओलांडायची. मग इचलकरंजी काय, कुठेही टाका मला." आणि दारात गेल्यावर, नेहमीप्रमाणे, "जातो."

मी म्हटलं, "येतो म्हणा हो, संध्याकाळची वेळ आहे."

"येईन तेव्हा म्हणेन," ते म्हणाले.

जानेवारीत आम्ही गेलो. सरांनी यंदा मृणालला पुढे ठेवलं होतं. एक वॉकीटॉकी तिच्याकडे, एक शेवटी चालणाऱ्या त्यांच्याकडे. "रडते, पण ऐकते," असं सगळ्यांसमोर सांगून तिला पुढे केलं. तिला त्या एका वाक्याचा इतका आनंद झाला की तिने ते विमानात मला दोनदा बोलून दाखवलं.

सकाळ स्वच्छ होती. गाव संपलं, देवळासारखी एक जुनी दगडी इमारत लागली आणि तिथून बर्फाचा उतार सुरू झाला. वारा रात्रभर घासून गेल्यामुळे वरचा थर काचेसारखा कडक होता. आम्ही चढत होतो. मागून खस्स असा आवाज आला. वळून बघितलं तर सर एका गुडघ्यावर. ते लगेच उठले. आम्ही सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं. मी तर मुद्दाम बुटाची नाडी बांधायला लागले. ते आपल्या पायांकडे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे पाय आहेत.

थोडं वर गेलो आणि ते पुन्हा पडले. या वेळी चांगले दहा-पंधरा फूट खाली घसरत गेले आणि कुऱ्हाडीसारखी ती हातातली काठी बर्फात रोवून थांबले. मृणाल सगळ्यांत पुढे होती, ती उतरून त्यांच्यापाशी आली.

"सर, दोनदा झालं," ती म्हणाली.

"मोजलंस?"

"तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी वर बघितलं. दगडांची रास दिसत होती. मग ते जे बोलले ते इतक्या हळू की मला आधी कळलंच नाही, हा आवाज त्यांचा आहे. म्हणाले, "शेवटची आहे गं, मृणाल."

मृणालने एकदा दगडांच्या राशीकडे बघितलं. मला वाटलं, ही आता रडणार. पण ती म्हणाली, "खलास, सर. मागे फिरा."

नितीनने तिचा हात धरला. "अगं, जाऊ दे ना त्यांना. एवढ्या वर्षांचं आहे त्यांचं."

"मला म्हणाले होते का ते, जाऊ दे म्हणून?" ती म्हणाली.

तो नियम होता की उट्टं होतं, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल. मृणालनेही मला कधी सांगितलं नाही. सर उठले, कपड्यांवरचा बर्फ झटकला. मृणाल त्यांच्याबरोबर खाली जायला निघाली, तर तिच्यावर ओरडले, "मला हमाल नकोत! गाडी दिसतेय तिथे. तू त्यांना घेऊन पलीकडे जा." गाडी खरंच दिसत होती, ड्रायव्हर बाहेर उभा राहून सिगारेट ओढताना दिसत होता. ठरलं असं की सर गाडीत बसून वळसा घालून पलीकडे येणार. ते उतरायला लागले. आम्ही चढायला लागलो. मागे बघायची हिंमत कुणालाच नव्हती.

खिंड अगदी हाताशी आली आणि मृणालच्या खांद्यावरची वॉकीटॉकी खरखरली.

"मृणाल."

"बोला, सर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग तोच हळू आवाज, "येतो."

आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो. मृणालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि म्हणाली, "या, सर."

"बघा," नितीन नाक पुसत म्हणाला, "शेवटी माणसासारखा निरोप घेतला की नाही?"

मलाही भरून आलं. इतकी वर्षं 'जातो जातो' करणारा माणूस हरल्यावर का होईना, आपल्यासारखं बोलला, असंच मला वाटलं. ते गाडीत बसतायत, निघतायत, म्हणून 'येतो' म्हणतायत. आमच्या डोक्यात दुसरा अर्थ आलाच नाही. त्यांचा नियम आम्हाला पाठ होता, पण 'येतो'ला 'या' हे त्याच्याही आधीपासून पाठ होतं.

खिंडीत वारा इतका होता की उभं राहता येईना. खालून ढग चढत होते, गाव दिसेनासं झालं. आम्ही दगडांच्या राशीला हात लावला, एक फोटो काढला आणि पलीकडे उतरलो. कडा मध्ये आला की वॉकीटॉकी मुकी होते, त्यामुळे पुढे काही आवाज आला नाही तरी कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. उतरताना नितीन म्हणत होता की खाली सरांना मोठी मिठी मारायची, मग ते शिव्या का घालेनात.

पलीकडच्या गावात गाडी उभी होती. ड्रायव्हर एकटाच होता.

मृणालने विचारलं, सर कुठे? त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. त्याने हाताने दाखवलं. आधी स्वतःकडे, मग हात झटकून 'जा' अशी खूण, मग बोट वर, खिंडीकडे. सरांनी त्याला 'यल्ला, यल्ला' करून पाठवून दिलं होतं आणि आमच्या मागून चढायला लागले होते.

मृणाल रस्त्यात खाली बसली. ती रडली नाही. "मी 'या' म्हटलं," एवढंच म्हणाली आणि तेच म्हणत राहिली. "ताई, मी 'या' म्हटलं."

गावातली चार माणसं स्कीवर वर गेली आणि अंधार पडायच्या सुमारास त्यांना खाली घेऊन आली. ते खिंडीतच सापडले होते, दगडांच्या राशीला टेकून बसलेले. आमच्या पावलांवर वाऱ्याने बर्फ लोटला होता, वॉकीटॉकीची बॅटरी थंडीने मेली होती. पलीकडे उतरायचा त्यांनी प्रयत्नच केला नव्हता. 'या' म्हणणारा हलत नाही, म्हणजे आम्ही तिथेच कुठेतरी ढगात असणार, असं धरून ते वाट बघत बसले होते.

शेगडीपाशी त्यांचे मोजे मी काढले. बोटं मेणाची असावीत तशी होती. मी चिमटा काढला. विचारलं, "दुखतं?" त्यांनी मान हलवली. नाही.

पायांची सगळी बोटं गेली. डावं पाऊल तर निम्मं कापावं लागलं. इथे परत आल्यावर शारजातल्या डॉक्टरांनी सांगितलं की शुगरमुळे पायांतली जाणीव केव्हाच गेली होती, म्हणून घसरले, आणि गोठतायत हेही म्हणून कळलं नाही. सरांना हे माहीत होतं का, म्हणून मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या तर चालू होत्या. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या.

मृणाल रोज डबा आणायची. ते जेवायचे, तिच्याशी बोलायचे नाहीत. एकदाच बोलले. "आमटीत मीठ नाही. रडणं बंद केलंस वाटतं."

एक दिवस ती नसताना मीच विषय काढला. म्हटलं, "सर, तुम्ही 'येतो' म्हणालात तर आम्हाला वाटलं निरोप घेताय."

त्यांनी पायांवरची चादर सरळ केली. मग म्हणाले, "एवढी वर्षं घसा फोडून काय सांगत होतो मी?"

"हो, पण तुमचा आवाज इतका मऊ होता, म्हणून..."

"मी विचारत होतो," ते म्हणाले. "जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. तिला विचारलं, येऊ का. ती 'या' म्हणाली."

हे मी मृणालला सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे त्यांचा व्हिसा संपला. शारजा एअरपोर्टवर आम्ही सगळे गेलो. नितीनच्या बायकोने शिरा करून दिला होता, वेलची बेताची घालून. सर व्हीलचेअरवर होते, मांडीवर एक छोटी बॅग, पायांवर माझी शाल. एअरपोर्टचा पोरगा खुर्ची धरून उभा होता. एकेकाने पाया पडून घेतलं, म्हणजे शालीला हात लावला. मृणाल सगळ्यांच्या मागे होती. ती पुढे आली आणि वाकली.

"जातो," सर म्हणाले.

"असं नका ना म्हणू," मृणाल म्हणाली. "येतो म्हणा, सर. आज तरी."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. खरं सांगते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"येतो म्हटलं होतं एकदा," ते म्हणाले. "आलो. तू कुठे होतीस?"

नितीनने तोंड फिरवलं. मृणाल तशीच उभी राहिली.

"जातो," ते पुन्हा म्हणाले. वाट बघत होते. आणि आमच्यापैकी कुणालाच काही म्हणता येईना. 'येतो'ला 'या' असतं. 'जातो'ला काय म्हणतात, ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

मृणालने डोळे पुसले. सरळ उभी राहिली आणि त्यांच्या नजरेला नजर देऊन म्हणाली, "जा, सर."

त्यांनी मान डोलावली.

"आता शिकलीस," ते म्हणाले आणि खुर्चीवाल्या पोराला म्हणाले, "यल्ला."